‘उद्या ये’

महाडच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने माझ्या मुलाला सांगितलं, “आता गर्दी आहे रे, उद्या ये.” मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. पोलादपूरहून सकाळी आठच्या एसटीने, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून. दुकानदार म्हणाला, “उद्या बघू.” तो त्याही उद्याला गेला. असे अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी मला फोन आला, “बाई, मुलाला समजवा जरा. मी त्याला पहिल्याच दिवशी नाही म्हटलं होतं.”

नाही म्हटलं नव्हतं, ‘उद्या ये’ म्हटलं होतं. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘शेठ आले की सांगतो’, ‘सवडीने फेरी मारा’ या सगळ्यांचा अर्थ एकच, आणि तो ऐकणाऱ्याने आपला आपण काढायचा असतो. माझ्या मुलाला तो काढता येत नाही. शब्द जसा कानावर पडेल तसा तो घेतो. त्याला कामावरून कोणी काढलं नाही. कामाच्या दारातच भाषेने अडवलं.

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला कधीच पुरा पटला नाही. तो स्वतःत मग्न नसतो, उलट बाहेरचं सगळं त्याच्यावर एकदम येऊन आदळत असतं. मी पोलादपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं, म्हणून इथे सगळे मला ‘बाई’ म्हणतात. लेखात त्याचं नाव घालू का, असं त्याला विचारलं. “नाव नको. पोलादपूर चालेल,” म्हणाला.

म्हणून आधी पोलादपूरबद्दल.

महाड-पोलादपूरकडे काम म्हणजे गाव सोडणं. पिढ्यानपिढ्या इथला पोरगा मिसरूड फुटलं की मुंबईला गेला. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी माथाडीत, आता कोणी मॉलच्या दारावर वॉचमन. गावात मागे राहिल्या बायका, म्हातारे आणि मनिऑर्डर. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला येणार, पालखी नाचवणार, घराचा पत्रा बदलून परत जाणार. आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर पुरुषांपेक्षा बायका जास्त दिसतात, त्याचं कारण हेच. अशा ठिकाणी जो तरणाताठा मुलगा गावात राहतो, त्याच्याबद्दल न बोलताच एक निकाल लागलेला असतो. “पोराला मुंबईला का धाडत नाय, बाई?” हा प्रश्न मला हजार वेळा आला आहे. त्याच्या मागचा खरा प्रश्न असतो, याच्यात काय कमी आहे?

मुंबईला धाडून पाहिलं. चुलत दिरांच्या लालबागच्या खोलीत तो नऊ दिवस राहिला. एका खोलीत सात माणसं, खाली बँडवाल्यांचा सराव, लोकलची घोषणा. दहाव्या दिवशी दोन्ही कानांवर हात ठेवून तो परळच्या स्टँडवर जाऊन बसला आणि पोलादपूरच्या गाडीची वाट पाहू लागला. गाडी रात्रीची होती, तो दुपारपासून बसला होता. त्याच दिवशी आमचं ठरलं: हा कामाच्या गावाला जाणार नाही, कामालाच याच्या गावाला यावं लागेल.

*

लिओ कॅनर या डॉक्टरने अकरा मुलांवरचा आपला लेख अमेरिकेत छापला तो १९४३ साली. माझा मुलगा जन्मला १९९७ मध्ये, पण तेव्हाही आमच्या तालुक्यात हा शब्द पोचलेला नव्हता. ‘खुळा आहे’, ‘बाहेरचं लागलंय’, ‘मतिमंद’ एवढीच नावं होती. सासूबाईंनी भगताकडे नेला, मी पुण्याला. पुण्यात पहिल्यांदा शब्द मिळाला. शब्दाने काही बरं होत नाही, पण मारणं थांबतं. त्याआधी मी, शिकलेली शिक्षिका, त्याला ‘हट्टी’ म्हणून मारलेलं आहे. हे लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहायचा मला अधिकार नाही.

कायदा त्याच्या मागून मागून चालत आला. अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा झाला, त्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला, पण तो कायदा पालकत्वाचा आणि सांभाळाचा, नोकरीचा नव्हे. नोकरीच्या आरक्षणात स्वमग्नता आली ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये, आणि तो लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. तोवर हा वीस वर्षांचा झाला होता आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी पास होऊन घरी बसला होता.

नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. त्यासाठीही जाहिरात यायला हवी, परीक्षा द्यायला हवी, आणि पद त्या प्रकारासाठी योग्य ठरलेलं हवं. खासगी कारखान्यांवर सक्ती नाही. पाच टक्के दिव्यांग कामावर घेतले तर सरकारने प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो. महाडच्या एमआयडीसीत माणसं लागतात ती बहुतेक ठेकेदारामार्फत, आणि ठेकेदाराकडे कायद्याचं पुस्तक नसतं, हजेरीची वही असते.

प्रमाणपत्राची गोष्ट वेगळीच. ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी आहे, चाळीस प्रश्नांची. डोळ्याला डोळा देत नाही का, बोललेलंच परत परत बोलतो का, बदल झाला की बिथरतो का, असे प्रश्न. सत्तर गुण झाले की चाळीस टक्के अपंगत्व धरतात, आणि चाळीसच्या आत सवलती नाहीत. आम्ही पहिल्यांदा गेलो तिथे (कुठे ते सांगत नाही) टेबलामागच्या माणसाने याला नाव विचारलं. याने नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं सांगितलं. “हा तर बोलतो की! मग ऑटिझम कसला?” म्हणून आम्हाला परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला नीट मोजणारी डॉक्टर भेटली आणि प्रमाणपत्र झालं.

घरी येताना गाडीत माझ्या मनात आलं, डोळ्याला डोळा न देण्याचे ज्या कागदावर गुण मिळतात, तो कागद घेऊन हा नोकरी मागायला जाणार, आणि तिथे डोळ्याला डोळा दिला नाही म्हणून परत येणार.

माझ्या कपाटात दोन फायली आहेत. एकीत माझ्या माघारी त्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळावं म्हणूनचे कागद. सरकारी नोकराच्या अपंग मुलाला ते तहहयात मिळू शकतं, पण तो स्वतःची उपजीविका कमावण्यास असमर्थ आहे हे सिद्ध करावं लागतं. दुसऱ्या फायलीत त्याचा बायोडाटा. त्याला काय काय येतं, ते मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे. एका फायलीत हा काहीही करू शकत नाही म्हणून मी सही करते आणि दुसरीत पुष्कळ करू शकतो म्हणून. माझ्याकडे निदान दोन फायली तरी आहेत. वाडीवरच्या आईला संजय गांधी निराधार योजनेचा आधार. अपंगांसाठी ती रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली. या योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणून त्या घरात भीती अशी की पोरगा चार पैसे कमावू लागला तर हेही बंद होईल. मग आई म्हणते, “बसू दे घरी.” ती चुकीचं बोलते असं मला म्हणवत नाही.

*

त्याची पहिली नोकरी सतरा दिवसांची. किराणा दुकान, साखर-डाळीच्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या. त्याची एकही पिशवी कमी-जास्त भरत नसे. मालक खूश होता. मग एका बाईंनी मसूर मागितली आणि हा शांतपणे म्हणाला, “त्यात पोरकिडे आहेत. वरच्या पोत्यातली घ्या, ती बरी आहे.” मालकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. त्याने ते पाळलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने “किती झाले?” विचारलं तरी हा बोलला नाही.

दुसरी नोकरी ठेकेदाराकडे, कारखान्याच्या पॅकिंगला. कामात चूक नव्हती. पण शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, भोंगा अचानक व्हायचा, आणि ड्रमांना वास. मुकादम म्हणाला, “ती पोती बघून घे जरा.” हा पोत्यांसमोर उभा राहून वीस मिनिटं पोती बघत राहिला. बाकीची पोरं हसली. हसण्याचा अर्थ त्याला कळत नाही असं लोकांना वाटतं. कळतो. फक्त वेळाने, रात्री, अंथरुणात.

या दोन्ही ठिकाणी तो कामात नापास झाला नाही, कामाच्या आजूबाजूला जे असतं त्यात झाला. चहाची सुट्टी, थट्टा, अर्धवट सूचना, अचानक बदललेली वेळ, साहेबाची मर्जी. आपण या सगळ्याला काम धरतच नाही, कारण ते आपल्याला फुकटात जमतं.

आणि एक त्रास सिनेमाने दिला. १९८८ चा ‘रेन मॅन’ पाहिलेली माणसं विचारतात, “मग गणितात हुशार असेल ना?” नाही. त्याला भागाकारही धड येत नाही. त्याच्यात जादू नाही. संथपणा आहे, नेमकेपणा आहे आणि कंटाळा येत नाही. पण जादू नसलेल्या माणसाला काम मागायचा हक्क नाही, असं कुठे लिहिलं आहे?

*

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी या नद्या महाडात शिरल्या. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडीला आणि केवनाळेलाही. त्या आठवड्यात आमच्याकडे कोणाच्या नोकरीचा विचार कोण करणार होतं? पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत कमरेइतका चिखल होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे. मदतीला म्हणून आम्ही दोघं गेलो.

दुकानात भिंतभर लाकडी खण होते, ते सगळे फुगून उघडले होते. नट, बोल्ट, वॉशर, स्क्रू, खिळे, बिजागऱ्या, कड्या सगळं एकत्र होऊन चिखलात कालवलेलं. जणू कोणी हजार खणांची खिचडी शिजवली होती. विद्यार्थी म्हणाला, “बाई, हे आता भंगारात किलोवर द्यायचं.” मुलगा खाली बसला. एक घमेलं ओढलं, चिखलातून एक बोल्ट काढला, बादलीत धुतला, फडक्याने पुसला, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला. मग दुसरा, त्याच्या शेजारी. तिसरा वेगळ्या मापाचा, तो दुसऱ्या रांगेत. संध्याकाळपर्यंत कागदावर बत्तीस रांगा झाल्या होत्या.

तो एकवीस दिवस जात होता. गंज चढू नये म्हणून दुकानातल्या जुन्या हमालकाकांनी त्याला रॉकेलचं फडकं मारायला शिकवलं. काका बोलत नसत, करून दाखवत. तीन वेळा तेच करून दाखवत आणि बाजूला होत. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असं शिकवायला मला कधी जमलं नाही. ज्यांना परदेशी भाषेत ‘जॉब कोच’ म्हणतात, ज्यांचा पगार कुठल्याच योजनेत आमच्याकडे येत नाही, त्यांचं काम हमालकाकांनी बिडी ओढता ओढता केलं.

एकविसाव्या दिवशी विद्यार्थ्याने त्याच्या हातात पाकीट दिलं. मुलाने पैसे मोजले आणि विचारलं, “आता चिखल संपला. मी उद्या येऊ की नको?”

विद्यार्थी माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला खुणेने सांगितलं, मला नको, त्याला सांग.

*

महाडच्या लोकांना एक गोष्ट माहीत आहे. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं पटापट मरायची, आणि पुस्तकात त्याला उत्तर नव्हतं. हा डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसला, रात्र रात्र, आणि नेमकं काय होतं ते पाहत राहिला. त्यातून १९८२ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला लेख आणि पुढे प्राझोसिनचा उपचार निघाला. मोठं यंत्र नव्हतं, होतं ते जवळ बसून पाहणं.

मुलाच्या कामाचं उत्तरही मला तसंच मिळालं. बायोडाटा लिहिणं मी सोडलं आणि त्याच्या शेजारी बसून पाहायला लागले. तो कुठे अडतो? बोल्ट निवडताना नाही. ‘चहा झाला की ये’ म्हटल्यावर अडतो, कारण चहा कधी झाला हे कोण ठरवणार? मग आम्ही पुठ्ठ्यावर लिहिलं: चहा ४.१० ते ४.२५. ‘माल आला की उतरव’ ऐवजी ‘टेम्पो थांबला की मागे जा, काका पेटी देतील, तीन नंबरच्या खणाखाली ठेव.’ गिऱ्हाइकाने काही विचारलं तर काय म्हणायचं? ‘काका सांगतील.’ दोनच शब्द, पण त्यांनी नोकरी टिकवली. ग्राइंडर सुरू करण्याआधी काका हात वर करतात, तो मागच्या गाळ्यात जातो. कायदा याला ‘वाजवी सोय’ म्हणतो. खर्च म्हणाल तर एक पुठ्ठा आणि एक मार्कर.

आता तो त्याच हार्डवेअरच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस जातो, सोमवार, मंगळवार, गुरुवार. एसटीत ७५ टक्के सवलत आहे. पगार कमी आहे. त्यावर घर चालणार नाही. उरलेले दिवस एप्रिल-मेमध्ये रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरतो, तिथे पिशवीमागे पैसे मिळतात. पावसाळ्यात काही नसतं. पूर्णवेळ नोकरी हा शब्द आम्ही घरात वापरत नाही.

आणि हे सगळं झालं ते मी ‘बाई’ होते म्हणून, दुकानदार माझ्या वर्गात होता म्हणून. हे यश म्हणून सांगताना मला संकोच वाटतो. ज्याची आई कोणाची बाई नाही, त्याचं काय?

अशा चार-पाच घरांशी आता ओळख झाली आहे. बिरवाडीकडच्या एका आईची मुलगी चोवीस वर्षांची आहे. “तुम्हाला लोक विचारतात तरी, मुलगा काय करतो. माझ्या पोरीला कामाचं कोणी विचारतच नाही. विचारतात, रात्री कडी लावता ना?” घरकामात ती हुशार आहे, भाकरी गोल थापते, पण घरच्या भाकरीला कोणी काम म्हणत नाही. दुसरे एक वडील, घाटाखालच्या वाडीवरचे. ते म्हणाले, पूर्वी असा मुलगा गुरं राखायचा. कोणी त्याला बेकार म्हणत नव्हतं. आता वाडीत गुरंच चार उरली. मी त्या जुन्या काळाला चांगलं म्हणणार नाही. गुराख्याला शिळं मिळायचं आणि मारही. पण गावाच्या गाड्यात त्याची एक खुंटी होती, ती गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही, हे खरं.

मोठ्या शहरांत पालकांनीच खुंट्या ठोकल्या. जुहूचं ‘कॅफे अर्पण’ यश चॅरिटेबल ट्रस्टचं. ट्रस्टच्या सुषमा नगरकर स्वतः स्वमग्न मुलीच्या आई. त्यांनी आधी डबे पुरवले, मग कॅफे काढलं आणि स्वयंपाकघरातल्या कामाचे ज्याला जमतील तसे बारीक तुकडे केले. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन या बापाने २००४ मध्ये ‘स्पेशलिस्टर्न’ काढली. तिथे स्वमग्न माणसं सॉफ्टवेअरच्या चुका शोधतात, आणि २०१३ पासून सॅपसारखी मोठी कंपनीही त्या वाटेने गेली. आमच्याकडे कॅफे चालणार नाही आणि सॉफ्टवेअर नाही. पण तुकडे पाडणं कुठेही चालतं. भाताची गिरणी, आंब्याची कलमं, टायरचं दुकान, पतसंस्थेतला कागदांचा गठ्ठा. प्रत्येक ठिकाणी एक तुकडा असा असतो की जो बाकीच्यांना कंटाळवाणा वाटतो आणि कोणीतरी तो मन लावून करू शकतं.

याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. ‘मागेल त्याला काम’ ही तिची घोषणा. फार मोठी होती ती. देशाने नंतर तिच्यावरूनच आपली योजना केली. पण माझ्या मुलाकडे पाहिलं की त्यातला पहिलाच शब्द खटकतो. काम करता येतं, पण मागता येत नाही, असा माणूस त्या घोषणेत कुठे बसतो? त्याच्या वतीने मागणारं कोणीतरी लागतं. आज मी मागते. अठराव्या वर्षानंतर त्याच्या वतीने सही करायची तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. ते कागदही मी केले, धाकट्या मुलीचं नाव पुढे ठेवलं. पण माझ्या माघारी ‘चहा ४.१० ते ४.२५’ हा पुठ्ठा कोण बदलून लिहील, याचा कागद कुठल्याच कार्यालयात होत नाही. काकांचेही गुडघे आता दुखतात.

परवा मी दुकानात गेले होते, बाहेरच्या बाकावर बसले. कुठल्याशा कंपनीचा एक पोरगेला सेल्समन आला होता, गळ्यात टाय, पाठ घामाने भिजलेली. नळांचं कॅटलॉग त्याने सगळं उलगडून दाखवलं. माझा विद्यार्थी अघळपघळ हसून म्हणाला, “छान आहे, बघू आपण. पुढच्या आठवड्यात फेरी मारा.” पोरगा खूश होऊन बॅग भरायला लागला.

माझा मुलगा खणासमोर बसून वॉशर लावत होता. मान वर न करता म्हणाला, “ते नाही म्हणतायत. पुढच्या आठवड्यात येऊ नका, भाडं फुकट जाईल.” मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून, “माणगावची गाडी पाच-दहाला आहे. आता निघालात तर मिळेल.”